पेट-सीटीला जाताय? "डोकं पूर्ण घेणार ना?" हे आधी विचारा

साडेतीन स्टार द्यायचे होते, अर्धा देता येत नाही म्हणून चार दिलेत, आणि तो वरचा अर्धा निव्वळ इथल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरबाईंचा आहे, काउंटरवाल्यांनी तो स्वतःचा समजू नये.

लांबलचक लिहितोय, आधीच सांगतो. बडोद्यातल्या स्कॅन सेंटरांबद्दल लोक लिहितात काय, तर स्टाफ छान, एसी मस्त, टॉयलेट स्वच्छ. टॉयलेट स्वच्छ आहे, मान्य. पण ज्याच्या घरचं माणूस उपाशीपोटी त्या पेट-सीटीच्या, म्हणजे अंगात कॅन्सर कुठे आहे ते शोधणाऱ्या मशीनमध्ये जाणार असतं त्याला भलत्याच गोष्टींची काळजी असते आणि त्या कुणी सांगत नाही.

पेशंट म्हणजे माझी आत्या. वय ६७, दांडिया बाजारातच जन्म आणि दांडिया बाजारातच मुक्काम, आयुष्यभर मराठी शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही. इथल्या फॉर्मवर "पतीचं नाव" असा रकाना आहे, त्यापुढे तिने "पेन्शन" असं लिहून दिलं आणि काउंटरवरच्या मुलाने ते तसंच कॉम्प्युटरमध्ये टाईप केलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा मुलगा वाचत नाही, नुसता टाईप करतो. ते पुढे येतंच.

तर आत्याचं डाव्या बाजूचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी झालेलं, हॉर्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे बायकांच्या हॉर्मोनवर पोसणारा होता, नंतर ते हॉर्मोन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी पाच वर्षं घेऊन झाली, मग बंद, मग वर्षाला एक चेकअप आणि सगळे विसरून गेले. गेल्या हिवाळ्यात आई तिच्या डोक्याला तेल घालत होती तेव्हा डाव्या कानाच्या वर, टाळूकडे जाताना, एक चिंचोक्याएवढा टणक उंचवटा हाताला लागला. दुखत नव्हता, लाल नव्हता, त्यावरचे केसही जागच्या जागी. आत्या म्हणाली कपाटाचं दार लागलं असेल. गल्लीतल्या डॉक्टरांनी बघितल्या न बघितल्यासारखं करून चरबीची गाठ आहे म्हणून सोडून दिलं. तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी मात्र दोन बोटांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, चरबीची गाठ कातडीखाली इकडून तिकडे सरकते, ही हाडालाच धरून बसलीये, पेट-सीटी काढा. शिवाय महिनाभर तिच्या बरगडीत दुखत होतं, ते तिने तोपर्यंत कुणाला सांगितलंच नव्हतं, तिथे बसल्यावर सांगितलं.

आता सेंटरबद्दल.

अपॉइंटमेंट फोनवर मिळते, लगेच मिळते, तीन-चार दिवसांत. सांगतात ते नीट सांगतात: सहा तास पोटात काही नको, चहा नको, च्युइंगगम-बडीशेपसुद्धा नको, साधं पाणी भरपूर प्या, आदल्या दिवशी व्यायाम-दगदग नको. डायबेटिसवाल्यांनी गोळीचं काय करायचं ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच जा, कारण साखर २०० च्या वर असेल तर हे लोक परत पाठवतात आणि ते बरोबर आहे. ही सगळी भानगडच साखरेची आहे, इंजेक्शनमध्ये जे देतात ते एफडीजी म्हणजे रेडिओॲक्टिव्ह बिल्ला लावलेलं ग्लुकोज, कॅन्सरच्या पेशी ते हावऱ्यासारखं ओढतात आणि तिथे मशीनला उजेड दिसतो. रक्तात आधीच साखर उतू जात असेल तर ते इंजेक्शन कोण खाणार. आत्याची १४८ निघाली, पास.

पण सकाळी आठची वेळ दिली आणि इंजेक्शन दहा वाजून गेल्यावर दिलं. कारण काय तर माल आला नाही. हे औषध इथे बनत नाही, बाहेरगावाहून गाडीने येतं, आणि ते दर ११० मिनिटांनी अर्धं होत जातं त्यामुळे साठवून ठेवता येत नाही. हे मला टेक्निशियनने सांगितलं आणि पटलं. काउंटरवर विचारलं तर नुसतं "बेसो ने काकी, टाईम लागसे". सहा तासांचा उपास आठ-नऊ तासांवर गेला, ६७ वर्षांची डायबेटिसची बाई, तिला घाम फुटायला लागला तर काय करायचं हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. गाडी निघाली की एक मेसेज टाका की पेशंटला, किती अवघड आहे?

इंजेक्शननंतर एका छोट्या खोलीत खुर्चीवर रेलून तासभर पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल नाही, पुस्तकही नाही. आत्याला हे काही झेपेना, ती म्हणाली आयुष्यभर बोलून पोट भरलंय माझं, आता गप्प कशी बसू. तर त्या टेक्निशियन पोराने शांतपणे सांगितलं की काकी, बोललात तर जिभेचे, घशाचे स्नायू साखर ओढतात, मग तिथे उजेड दिसतो आणि डॉक्टर विचारात पडतात की हे काय नवीन. तासभर गप्प बसली, आमच्या घराण्यात ही ऐतिहासिक घटना आहे. त्या खोलीत थंडी फार आहे पण, आणि चादर देतात ती पातळ. थंडी वाजली की मानेजवळची एक प्रकारची चरबी अंग गरम ठेवायला कामाला लागते आणि तीसुद्धा स्कॅनमध्ये चमकते, हे नंतर डॉक्टरबाईंनीच सांगितलं. मग जाड ब्लँकेट ठेवा ना! शाल घेऊन जा घरून, हे लक्षात ठेवा.

मशीन चांगलं आहे. आतला बोगदा मोठा आहे, बंद खोलीची भीती असलेल्यांना एमआरआयपेक्षा पुष्कळ सोपं, आवाज नाही, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय.

आत्या आवरून बाहेर आली आणि शाळेतल्या सवयीने विचारलं, "काय रे, डोक्यावरची गाठ आली ना फोटोत?" टेक्निशियन म्हणाला, "काकी, प्रोटोकॉल तो आंखथी जांघ सुधी छे." आत्या म्हणाली, "अरे पण गाठ डोळ्यांच्या वर आहे." तो थांबला. तिने त्याचा हात धरला आणि सरळ आपल्या डोक्यावर ठेवला.

तर झालं होतं असं की बहुतेक ठिकाणी रुटीन पेट-सीटी, नाव "होल बॉडी" असलं तरी, कवटीच्या तळापासून अर्ध्या मांडीपर्यंतच काढतात. यात फसवणूक काही नाही, बहुतेक कॅन्सरना तेवढं पुरतं, वेळ वाचतो, सीटीचं रेडिएशन कमी पडतं. पण कवटीची वरची वाटी, म्हणजे आपण जिला डोक्याचं हाड म्हणतो ती, त्यात येतच नाही. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर दुसऱ्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं की डाव्या बाजूला डोक्यावर सूज आहे, टाळूपासून घ्या. काउंटरवरच्या मुलाने पहिली ओळ टाईप केली, "होल बॉडी", आणि एंटर मारला. दुसरी ओळ त्याच्या दृष्टीने चिठ्ठीवर नव्हतीच. टेक्निशियनला स्क्रीनवर जे दिसलं त्याने ते केलं. आत्याने विचारलं नसतं तर ज्या गाठीसाठी गेलो ती गाठ सोडून बाकी सगळ्याचा रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो असतो, पंधरा हजारांच्या आसपास बिल भरून.

इथून पुढे मात्र सेंटरला पूर्ण मार्क. टेक्निशियनने वाद घातला नाही, उद्या या म्हणाला नाही, सरळ डॉक्टरबाईंना बोलावलं. त्या आल्या, स्वतः गाठ चाचपून बघितली, गाठीच्या आजूबाजूला बोटाने ठोकून दुखतंय का विचारलं, डोळ्यांपुढे बोट फिरवून डबल दिसतं का, हनुवटी बधिर वाटते का, गिळताना त्रास होतो का, आवाज बदलला का, हे सगळं उभ्या उभ्या विचारलं. आणि म्हणाल्या, "काकी, परत झोपा, फक्त डोकं घेऊ." अंगातलं औषध अजून शिल्लक होतं म्हणून पाच-सात मिनिटांत काम झालं, जादा पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं असतं तर परत इंजेक्शन, परत उपास, परत बिल.

हनुवटी बधिर आहे का हे कशाला विचारलं ते मला नंतर कळलं. कवटीच्या वरच्या भागात कॅन्सर बसला तर बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, फार तर गाठ लागते किंवा तिथे ठणकतं, पुष्कळांना तर दुसऱ्याच कशासाठी स्कॅन काढताना सापडतं. पण कवटीच्या तळाच्या हाडात बसला तर तिथल्या बारीक भोकांतून चेहऱ्याच्या, डोळ्यांच्या, जिभेच्या नसा बाहेर येतात आणि त्या दाबल्या जातात. मग एकाएकी डबल दिसणं, एक पापणी खाली येणं, तोंड वाकडं होणं, जीभ एका बाजूला जाणं, आवाज घोगरा होणं असं काहीतरी. हनुवटी आणि खालचा ओठ बधिर होणं ही जबड्याच्या हाडाकडची खूण, ज्याला लोक दाताचं दुखणं समजून महिनेच्या महिने घालवतात. ज्यांना आधी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी यातलं काहीही झालं तर डेंटिस्ट किंवा चष्मेवाल्याकडे अडकून न राहता कॅन्सरच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगायचं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं.

रिपोर्टचा किस्सा वेगळाच. संध्याकाळी देतो म्हणाले, दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. मी काउंटरवर घ्यायला गेलो तर तिथल्या मुलीने पाकीट देता देता कुणी न विचारता सांगितलं, "ब्रेनमां छे." बस. मी तिथेच खुर्चीवर बसलो. घरी फोन केला, घरून पुण्याला काकांना फोन गेला, काकांनी नाशिकला केला, अर्ध्या तासात सगळ्या महाराष्ट्राला कळलं की आत्याच्या मेंदूत गेलंय. आत्या सेव उसळ खात होती, तिला काही पत्ता नाही.

रिपोर्टमध्ये मेंदूबद्दल असं काही नव्हतंच. होतं ते डाव्या पॅरायटल हाडात, म्हणजे कवटीच्या हाडात, शिवाय दोन बरगड्या आणि कमरेच्या हाडात. कवटी हे हाड आहे, पाठीचा मणका हाड आहे तसं. मेंदू त्याच्या आत, मध्ये ड्यूरा नावाचं जाड आवरण असतं आणि ते सहसा बराच काळ अडवून धरतं. ब्रेस्ट कॅन्सर हाडात जाणं आणि मेंदूत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उपचार वेगळे, पुढचं आयुष्य वेगळं. हाडात पसरलेला हॉर्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर घेऊन बायका कित्येक वर्षं स्वयंपाक करतात, नोकरी करतात, लग्नांना जातात. काउंटरवरच्या पोरीला हे माहीत नसेल तर तिचा दोष नाही, पण तिने रिपोर्ट वाचून सांगावा हे तिचं कामही नाही. सेंटरवाल्यांनी यावर एक ओळीचा नियम करावा: पाकीट द्या, गप्प बसा. आत्यासारखं तासभर.

आणखी एक. रिपोर्टच्या आतल्या पानावर "डावं" होतं आणि शेवटच्या निष्कर्षात "उजवं" छापलेलं. डॉक्टर लोक घाईत निष्कर्षच वाचतात! फोन केला तर काउंटरवरून उत्तर, मॅडम आता नाहीत. मी नंबर ठेवला, तासाभरात डॉक्टरबाईंचा स्वतःचा फोन, सॉरी म्हणाल्या, दुरुस्त केलेला रिपोर्ट व्हॉट्सॲपवर लगेच आणि छापील दुसऱ्या दिवशी. आणि म्हणाल्या, "काकींना घेऊन या, मी दाखवते समजावून." हे कोण करतं हल्ली?

गेलो. त्यांनी स्क्रीनवर चित्र लावलं. मेंदू अख्खा पिवळाधमक पेटलेला, बघून माझ्या पोटात गोळा आला, तर त्या म्हणाल्या मेंदूचं असंच दिसतं सगळ्यांचं, तो दिवसभर साखरच खातो, तुमचाही असाच दिसेल. अडचण एवढीच की कवटीचं हाड त्याला खेटून असल्यामुळे हाडातला छोटा ठिपका त्या उजेडात हरवू शकतो, म्हणून त्या नुसत्या रंगीत चित्रावर जात नाहीत, सीटीमध्ये हाड वेगळं करून बघतात. बघितलं तर कवटीला बाहेरची एक पातळ भिंत, आतली एक, मध्ये मऊ भाग, आणि त्या जागी दोन्ही भिंती पोखरल्यासारख्या. आतली भिंत पोखरली म्हणूनच त्यांनी कॉन्ट्रास्टचा, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढायचा, एमआरआय सुचवला होता, आवरणापर्यंत पोचलंय का बघायला. आता खरं सांगायचं तर बरगड्या आणि कंबर रुटीन स्कॅनमध्येही सापडलीच असती, स्टेज ४ ती ४ च राहिली असती. पण एमआरआय काढायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. आणि बायोप्सीला कातडीखालची ती गाठ सगळ्यात सोपी, बरगडीत सुई घालण्यापेक्षा केव्हाही बरी.

आत्याने तिथे एक अस्सल मास्तरीणबाई प्रश्न टाकला. म्हणाली, छातीतून निघालं तर वाटेत फुफ्फुस, लिव्हर सगळं सोडून थेट डोक्याच्या हाडात कसं गेलं? डॉक्टरबाईंना प्रश्न आवडला हे दिसत होतं. त्यांनी कागदावर पाठीचा कणा काढला आणि त्याच्या भोवती शिरांचं जाळं. या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे खोकलो, जोर केला की रक्त त्यात कुठल्याही दिशेने सरकतं, छातीच्या शिरा त्याला जोडलेल्या आणि ते जाळं खाली माकडहाडापासून वर कवटीपर्यंत गेलेलं. १९४० मध्ये बॅटसन नावाच्या डॉक्टरने हे दाखवलं, त्याच्याच नावाने ओळखतात. नुसती वाट असून भागत नाही म्हणे, जागाही मानवावी लागते. लंडनच्या स्टीफन पॅजेट नावाच्या सर्जनने १८८९ मध्येच ब्रेस्ट कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासून लिहून ठेवलं होतं की हे बी कुठेही पडलं तरी ठराविक मातीतच रुजतं, आणि या कॅन्सरला हाड ही माती आवडते. हाडात जुनं मोडून नवं घालायचं काम सतत चालू असतं, कॅन्सरच्या पेशी त्यातल्या मोडणाऱ्या गँगला चिथावतात आणि मोडलेल्या हाडातून जे निघतं त्यावर स्वतः पोसतात. आत्या म्हणाली, "म्हणजे आमच्या वाड्यातल्या भाडेकरूंसारखं." डॉक्टरबाई खूप हसल्या. मी नाही हसलो.

पुढचे उपचार दुसरीकडे चालू आहेत, त्याचा इथे फार पाल्हाळ लावत नाही. एमआरआयमध्ये आवरण ठीक निघालं, बायोप्सीत परत हॉर्मोन पॉझिटिव्ह. लेट्रोझोल पुन्हा सुरू, सोबत पाल्बोसायक्लिब, म्हणजे कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारं औषध, २१ दिवस गोळी ७ दिवस सुट्टी, पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून सारखं रक्त तपासावं लागतं. २०२३ च्या जानेवारीत या गोळीचं पेटंट संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या, त्यामुळे पेन्शनीत आणि आमच्या हातभाराने निभतंय. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन. त्याच्या आधी डेंटिस्टकडे पाठवतात, कारण हे इंजेक्शन चालू असताना दाढ उपटली तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून हलणारी एक दाढ आधीच काढून घेतली. पहिल्या सलाईननंतर दोन दिवस तापाने फणफणली, तेही आधी सांगितलेलं होतं त्यामुळे घाबरलो नाही. डोक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, अजून लागला नाही, दुखायला लागलं किंवा नस दाबली गेली तर देतात, आणि हाडाच्या दुखण्याला कधी कधी एकाच दिवसाचा डोस पुरतो. लोकांना वाटतं शेक म्हणजे महिनाभर खेटे, तसं दरवेळी नसतं.

काही महिन्यांनी दुसरा स्कॅन काढायला परत इथेच आलो, आणि त्यावेळची गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. रिपोर्टमध्ये सीटीच्या भागात लिहिलेलं की हाडांवर पांढरे घट्ट डाग दिसतात, आधीपेक्षा जास्त. घरी वाचून परत रडारड. पण त्याच्याच खाली डॉक्टरबाईंनी लिहून ठेवलं होतं की या जागा आता साखर ओढत नाहीत, हाड भरून येतंय, उपचार लागू पडतोय असं दिसतं. पोखरलेलं हाड भरून यायला लागलं की सीटीत पांढरं दिसतं आणि न जाणणाऱ्याला वाटतं डाग वाढले. साध्या बोन स्कॅनमध्ये तर उपचार सुरू झाल्यावर पहिले काही महिने तिथला उजेड वाढूही शकतो, चांगलं होत असताना वाईट दिसतं. ही तुलना करायला त्यांना आमची पहिली सीडी लागली, आणि ऐका, ती त्यांच्याकडे नव्हती! त्यांच्याच सेंटरची सीडी, सिस्टीममधून उडाली होती म्हणे. आत्याने पिशवीतून काढून दिली. तिच्या पिशवीत १९९० सालची रेशनची पावतीसुद्धा निघेल.

साध्या बोन स्कॅनचा विषय निघालाच तर, ज्यांना पेट-सीटी परवडत नाही त्यांनी डॉक्टरांना त्याबद्दल विचारून बघा. तो स्वस्त पडतो, इंजेक्शननंतर तीनेक तास थांबावं लागतं, उपास नको, आणि तो डोक्यापासून पायापर्यंत सगळा सांगाडा घेतो, कवटी सुटण्याचा प्रश्न नाही. जुनं फ्रॅक्चर, संधिवातसुद्धा त्यात चमकतो, एवढी गोम आहे. इथे आयुष्मान कार्ड चाललं नाही आमच्या वेळी, आधी फोन करून विचारा. कार्डवाले बरेच जण अहमदाबादला सिव्हिलच्या आवारातल्या जीसीआरआय या कॅन्सर हॉस्पिटलला जातात, गर्दी प्रचंड पण काम होतं.

पार्किंग नाही, रिक्षाने या. लिफ्ट आहे पण स्ट्रेचर मावत नाही, ज्यांचा पेशंट झोपून आहे त्यांनी आधी कळवा म्हणजे मागचं दार उघडतात. स्कॅननंतर तो दिवस लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, घरात कुणी गरोदर असेल तर त्यांच्यापासून लांब बसा, पाणी पीत राहा, लघवीवाटे औषध निघून जातं. हे लिहिलेला कागद देतात पण फक्त गुजराती आणि इंग्लिशमध्ये, बडोद्यात निदान एक पान मराठीत छापायला काय हरकत आहे, अर्धा दांडिया बाजार इथेच येतो.

अपॉइंटमेंट घेताना चिठ्ठीचा फोटो पाठवा, वर फोन करून "टाळूपासून लिहिलंय, टाळूपासूनच घेणार ना" हे विचारा, आणि टेबलावर झोपायच्या आधी टेक्निशियनला तेच परत विचारा, काउंटरला विचारलं म्हणून भागलं असं समजू नका. टेक्निशियन चांगले आहेत, रागावत नाहीत. डॉक्टरबाई शनिवारी नसतात, शनिवारची अपॉइंटमेंट देत असतील तर सोमवारची मागून घ्या.